गावातील सेवा केंद्रासाठी मॉनिटर निवडताना

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला दिवसभर सातबाऱ्यावरील बारीक आकडे वाचावे लागतात; म्हणून मॉनिटर घेताना पडद्याच्या आकारापेक्षा अक्षरांचा रेखीवपणा आधी पाहावा. १९२० × १०८० रिझोल्यूशनच्या (म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल, चित्र घडवणारे बारीक ठिपके, असलेल्या) २४ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात, तर तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर पसरले की ही संख्या ८२ च्या आसपास येते आणि अक्षरांच्या कडा भरड दिसू लागतात. २७ इंचच हवा असेल, तर २५६० × १४४० चा घ्यावा.

पॅनेल (चित्र उमटवणारा पडद्याचा मुख्य भाग) आयपीएस, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणाऱ्या प्रकारचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही त्याच्या गट क्रमांकाची नोंद तिरक्या कोनातून नीट वाचता आली पाहिजे. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग अधिक गडद असतो, मात्र बाजूने पाहताना रंग फिके पडतात.

उन्हाळ्यात दारातून येणारा लख्ख उजेड लक्षात घेता पडदा मॅट (न चमकणारा) आणि प्रखरता शक्यतो ३०० निट्स (प्रखरतेचे एकक) असावी. खोक्यावर लाखांत छापलेल्या ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’कडे (काळ्या-पांढऱ्यातील फरकाच्या फुगवलेल्या आकड्याकडे) दुर्लक्ष करावे. रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा) कार्यालयीन कामाला ६० हर्ट्झही पुरतो.

जुन्या सीपीयूला केवळ व्हीजीए पोर्ट (मॉनिटरची केबल जोडण्याची जुन्या पद्धतीची जागा) असू शकते. ते आधी तपासावे. विजेचा दाब वरखाली होत असल्याने अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले आहे का, हे पाहावे आणि मॉनिटर यूपीएसवरच जोडावा. पैसे देण्यापूर्वी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून मृत (न उजळणाऱ्या) पिक्सेलचे काळे ठिपके शोधावेत.