ओळीतला अलंकार कसा ओळखावा

उपमा कुठली, उत्प्रेक्षा कुठली, रूपक कोणते आणि अपन्हुती कोणती, हा गोंधळ बहुतेक वेळा एकाच सवयीतून होतो. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, अशी शब्दांची यादी पाठ केलेली असते. ही यादी उपयोगी आहे, पण ती फसवतेही. 'तो सारखा बोलत असतो' यात उपमा नाही. 'नियमाप्रमाणे अर्ज भरा' यातही नाही. 'मला वाटते, गाडी चुकणार' ही उत्प्रेक्षा नव्हे. म्हणून शोधाला अर्थापासून लागावे आणि शब्दाकडे शेवटी यावे.

आधी ओळीचा अन्वय लावा. वृत्तासाठी कवीने शब्द मागेपुढे केलेले असतात. कर्ता, कर्म, क्रियापद या क्रमाने एक साधे गद्य वाक्य वहीत लिहा. हे काम टाळले की पुढे उपमेय (ज्याचे वर्णन चालले आहे ते) आणि उपमान (ज्याची उपमा दिली ते) यांची अदलाबदल ठरलेली.

मग सौंदर्य शब्दात आहे की अर्थात, ते तपासा. महत्त्वाचा शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला. गंमत गेली तर तो शब्दालंकार, टिकली तर अर्थालंकार. ही कसोटी संस्कृत काव्यशास्त्रापासून चालत आलेली आहे आणि ती क्वचितच दगा देते. मोरोपंतांच्या 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो' या ओळीत 'घडो'ऐवजी 'लाभो' आणि 'पडो'ऐवजी 'येवो' घालून पाहा. प्रार्थना तीच राहते, यमक मात्र जाते. श्लेषाचेही तसेच. 'या कवीपाशी अर्थच उरला नाही' या वाक्यात 'अर्थ' म्हणजे पैसाही आणि आशयही. तिथे 'पैसा' लिहिले की एकच अर्थ हाती उरतो. अनुप्रासात व्यंजनाची पुनरावृत्ती कानाला जाणवली पाहिजे. ओळीत दोन 'क' सापडले म्हणून अनुप्रास होत नाही.

अर्थालंकार आहे असे ठरले की चार गोष्टी शोधा. 'ज्वारीचे शेत वाऱ्यावर समुद्रासारखे हेलावते' हे वाक्य घेऊ. ज्याचे वर्णन चालले आहे ते शेत, म्हणजे उपमेय. ज्याची उपमा दिली तो समुद्र, म्हणजे उपमान. दोघांत असलेला समान धर्म म्हणजे हेलावणे. आणि 'सारखे' हा साधर्म्यवाचक शब्द. चारही असतील तर पूर्णोपमा, एखादे गाळले असेल तर लुप्तोपमा. इथे एक अट विसरू नये: उपमेय आणि उपमान वेगळ्या जातीचे हवेत. 'आमचे शेत तुमच्या शेताएवढे आहे' ही नुसती मोजणी झाली, अलंकार नाही.

आता खरा प्रश्न विचारा: कवीने या दोघांचे नाते किती जवळ आणले आहे? उत्तर बदलले की अलंकाराचे नाव बदलते. हे पाहायला तेच शेत आणि तोच समुद्र पुरेसे आहेत.

'हे शेत म्हणजे जणू समुद्रच.' दोन्ही एकच आहेत अशी कल्पना केली, पण ती कल्पना आहे याचे भान 'जणू'ने राखले. ही उत्प्रेक्षा. 'ज्वारीच्या समुद्रात एक बुजगावणे उभे होते.' इथे ते भानही सुटले, दोन्ही एकरूप झाली, हे रूपक. सावता माळ्यांच्या 'कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी' या ओळीत 'सारखी' नाही, 'जणू' नाही आणि भाजी नाकारलेलीही नाही. भाजीच विठाबाई आहे. रूपकाचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

'हे शेत नव्हे, हा समुद्र आहे.' उपमेयाचा निषेध आला की अपन्हुती. रूपक आणि अपन्हुती यांत अडलात तर ओळीत नकार आहे का, एवढेच पाहा. 'हे शेत म्हणावे की समुद्र?' मन दोघांत अडकले आहे, म्हणून ससंदेह. 'समुद्र समजून बगळा मासे टिपायला ज्वारीत उतरला.' इथे संशय संपला, चुकीचा निर्णय झाला आणि तशी कृतीही घडली, हा भ्रांतिमान. या दोघांतला फरक त्या कृतीवरून ओळखता येतो. 'या शेतासारखे हेच शेत' यात उपमेयाला दुसरे उपमानच मिळत नाही, म्हणून अनन्वय. आणि उपमेय उपमानापेक्षा सरस ठरले तर व्यतिरेक. ज्ञानेश्वरांचा मराठी बोल 'अमृतातेंही पैजां जिंके', तो व्यतिरेकच.

काही ओळींत उपमान सापडतच नाही. 'वारा कणसांच्या कानात कुजबुजला' यात वाऱ्याची तुलना कशाशी केलेली नाही, निर्जीवाला माणसासारखे वागवले आहे. ही चेतनगुणोक्ती. तिथे ओढूनताणून रूपक लावू नये. अतिशयोक्ती सहज ओळखू येते, तिच्यावर वेळ घालवायची गरज नाही.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत मात्र चांगले वाचकही अडखळतात. 'लहानपण देगा देवा' म्हणून तुकोबा मुंगी आणि ऐरावत यांचे दाखले देतात. मुंगीला साखरेचा रवा मिळतो, ऐरावताला अंकुशाचा मार. इथे एक गोष्ट पटवायला तिच्या जोडीच्या गोष्टी ठेवल्या आहेत, हा दृष्टान्त. एका विशिष्ट घटनेवरून सर्वांना लागू पडणारा सिद्धान्त काढला, किंवा सिद्धान्त सांगून त्याला विशिष्ट घटनेचा आधार दिला, तर अर्थान्तरन्यास. दोन विधानांपैकी एक सुट्टे काढून पाहा. ते एकटेच म्हणीसारखे उभे राहत असेल आणि दुसरे विधान त्याच नियमाचे उदाहरण असेल, तर कौल अर्थान्तरन्यासाकडे.

एका ओळीत दोन अलंकारही असतात. यमक आणि रूपक एकत्र आले म्हणजे तुमचे काही चुकले, असे नाही. तीळ आणि तांदळासारखे ते वेगळे काढता येत असतील तर त्याला संसृष्टी म्हणतात, दूध-पाण्यासारखे मिसळले असतील तर संकर. अशा वेळी एकच नाव द्यायचे असेल तर एकेक अलंकार काढून ओळ पुन्हा वाचा आणि ज्याच्या जाण्याने ओळ जास्त फिकी पडते त्याचे नाव लिहा. नावाखाली उपमेय आणि उपमान नोंदवा आणि कारण एका वाक्यात द्या: 'उपमेयाचा निषेध केला आहे, म्हणून अपन्हुती.' कारणाचे हे वाक्य लिहिता येत नसेल तर ओळखलेले नाव पुन्हा तपासा.