जोतिबाच्या यात्रेचं फुटेज: कार्डापासून कपाटापर्यंत

आधी जागेचा हिशेब. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के शूट केलं की तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले तर ४५० जीबी. त्यासाठी १ टीबीच्या दोन रिकाम्या हार्डडिस्क हव्यात. एकाच डिस्कवर दोन फोल्डर केले, तर ती एकच प्रत. विंडोज आणि मॅक दोन्हीवर काम असेल तर डिस्क एक्सफॅटमध्ये, म्हणजे दोन्हींना वाचता-लिहिता येणाऱ्या पद्धतीत, फॉरमॅट करा.

आदल्या रात्री कार्डं रिकामी आहेत का बघून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि क्रमांक चिकटवा. वाडी रत्नागिरीवर, म्हणजे कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या) नाचायला लागल्या की गुलाल सगळीकडे शिरतो, कार्डाच्या खाचेतसुद्धा. त्यामुळे कार्ड बदलायचं ते बॅगेत किंवा गाडीत, गर्दीत नाही. हाताचा ब्लोअर जवळ ठेवा. तोंडाने फुंकलं तर ओलसर गुलाल पिनांवर बसतो. भरलेलं एसडी कार्ड लॉक करून वेगळ्या डबीत टाका.

कॉपी करताना ‘कट’ कधीच वापरू नका. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली, तर कोणती फाइल कुठे राहिली हे कळत नाही. नुसत्या क्लिपा न उचलता कार्डावरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं घ्या, कारण काही कॅमेरे क्लिपची माहिती शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवतात. फाइलचा आकार जुळला म्हणून आतला डेटा शाबूत असेलच असं नाही. टेराकॉपीसारख्या सॉफ्टवेअरमधून चेकसम, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा पडताळणीचा आकडा, जुळवा. सेकंदाला १२० एमबी वेग धरला तरी एका प्रतीला तासभर जातो, पडताळणीचा वेळ वेगळा. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क असेल तर तीही यूपीएसवर लावा. दोन्ही प्रती तपासून होईपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर असली तरी. त्यासाठी जादा कार्डं घ्या.

दुसरी डिस्क त्याच कपाटात नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात दुधाळी, शुक्रवार पेठेत शिरलं होतं. ती पाणी न चढणाऱ्या भागात, ओळखीच्या घरी ठेवा. ५० एमबीपीएस अपलोडवर ४५० जीबी चढवायला वीस तास लागतात, म्हणून क्लाउडवर निदान प्रोजेक्ट फाइल आणि निवडक क्लिपा तरी रोज टाका.

एडिटिंग एसएसडीवर करा, पण जपणूक हार्डडिस्कवर. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो. जागा कमी पडली तर आधी कॅशे (एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइली) आणि प्रॉक्सी (क्लिपांच्या हलक्या नकला) उडवा, त्या पुन्हा बनवता येतात. मूळ फुटेज किती दिवस ठेवणार, ते गिऱ्हाइकाच्या कोटेशनवरच लिहून द्या.