दहावीला इंग्लिश रायटिंग शिकवायला लागताय? माझं काय चुकलं ते वाचा

मी सांगलीत मराठी माध्यमाला इंग्लिश शिकवते. नवीन लागलेले दोघं-तिघं सारखं विचारतायत म्हणून लिहितेय, आणि आधीच सांगते, सुरुवातीला माझं बरंच चुकलं.

ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरून शाळा भरल्यावर मी निबंधाला पूरच दिला. बहुतेक वह्यांत गाइडमधला एकच निबंध, 'फ्लड इज अ नॅचरल कलॅमिटी'. अहो ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं म्हणून जी दिवसभर विचारत होती (४० ला इशारा, ४५ ला धोका, पाढ्यासारखं पाठ), त्या पोरांनी पण तेच! एकाने तेवढं स्वतःचं लिहिलेलं, 'वॉटर कम इन हाऊस विदाऊट आस्किंग. मदर टेक पिकल बरणी फर्स्ट.' आणि मी काय केलं, कमचं केम, टेकचं टुक, बरणीला गोल, सगळी वही लाल. पुढच्या वेळी त्याने पण गाइड उतरवलं.

आता पहिला ड्राफ्ट मराठी मिसळून चालतो. चुका काढत नाही, नुसतं विचारते, पाणी कुठपर्यंत आलं? पायरीपर्यंत. कितव्या? दुसऱ्या ड्राफ्टला फक्त टेन्स बघायचा, स्पेलिंग नंतर.

कवितेचं अप्रिसिएशन (रसग्रहण) पण इथूनच सुटतं. पोरं कवीचं नाव, राइम स्कीम, 'पर्सॉनिफिकेशन' (निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते असं दाखवणं) एवढं लिहून पेन ठेवतात, त्याने काय होतं ते कुणी सांगत नाही. मी ते 'विदाऊट आस्किंग' फळ्यावर लिहिते (पोराचं नाव सांगत नाही). विचारून कोण येतं? पाहुणा. मग पाणी? मागच्या बाकावरनं कोणतरी म्हणतंच, 'चोर, मॅडम.' मग ते पुसून 'सडनली' लिहायचं आणि काय गेलं ते विचारायचं. झालं की अ‍ॅनालिसिस, हेच आता कवितेतल्या शब्दाला लावा म्हणायचं.

लेटर रायटिंगचा फॉरमॅट मात्र सरळ पाठ करून घ्या, तिथं उगाच प्रयोग नकोत, मार्क जातात. लेखी ८० ची आहे, पालक येऊन विचारतात.

वह्या सगळ्या एकदम घेऊ नका, मेलात. मी आठवड्याला दहाच घेते, बाकीचे 'मॅडम माझी कधी?' म्हणून मागे लागतात. गाइडचा निबंध असायचा तेव्हा हे कुणी विचारायचं नाही.