ग्रेन जुळेना, तेव्हा निळ्या चॅनेलने वाट दाखवली

३५ मिमी फिल्मवरून स्कॅन केलेल्या शॉटमध्ये थ्रीडीची एक भिंत बसवायची होती. रंग जुळला, प्रकाश जुळला, तरी भिंत चिकटवल्यासारखी दिसायची. थांबवलेल्या फ्रेममध्ये फारसं खटकत नव्हतं, पण शॉट चालवला की लगेच कळायचं: आजूबाजूचं चित्र फिल्मच्या दाण्यांनी, म्हणजे ग्रेनने, सतत सळसळतंय आणि माझी भिंत निपचित पडलीय.

आधी लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांच्या चॅनेलना सारखाच नॉइज (कृत्रिम दाणे) दिला. ते तर अजूनच खोटं वाटलं. मग एकेक चॅनेल ४०० टक्के मोठा करून नीट पाहिला. निळ्यात दाणे मोठे, ठसठशीत. हिरव्यात बारीक, दाट. कलर निगेटिव्हमध्ये निळा प्रकाश टिपणारा थर बहुधा सगळ्यात दाणेदार असतो, त्याचाच हा परिणाम. एका सपाट राखाडी भागाशी ताडून पाहत प्रत्येक चॅनेलला दाण्याचा आकार आणि जोर वेगवेगळा दिला. इथे घाई करू नका, अर्धं काम इथेच होतं.

तरीही सावल्यांमध्ये दाणे उसळत होते. मी लिनियरमध्ये (जिथे आकडे थेट प्रकाशाच्या प्रमाणात असतात) सगळीकडे सारखाच ग्रेन मिळवत होतो, हे त्याचं कारण. चित्र लॉगमध्ये (लॉगरिदमिक मापात) नेऊन तिथे ग्रेन घातला, मग परत लिनियरमध्ये आणलं. सावल्या शांत झाल्या.

राहिल्या कडा. तिथे मूळ ग्रेनवर नवा ग्रेन चढत होता. म्हणून आधी प्लेट (मूळ शॉट) डीनॉइज केली, म्हणजे तिचे दाणे काढले, त्यावर काँप केलं, म्हणजे भिंत बसवली, ब्लर वगैरे उरकल्यावर अगदी शेवटी ग्रेन दिला आणि मॅटच्या (भिंतीची जागा दाखवणाऱ्या मास्कच्या) बाहेर मूळ प्लेट जशीच्या तशी परत बसवली.