आधी झाकण, मग आत काय आहे ते: बचाव यंत्रणांवर काम करताना

वडिलांच्या मृत्यूबद्दल बोलताना रुग्णाचा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट असतो. भावाचा राग आला, असं सांगता सांगता तो हसतो. नव्या थेरपिस्टला इथे आतल्या दुःखाकडे, रागाकडे झेप घ्यावीशी वाटते. तसं करू नये. विल्हेल्म राइश, ओटो फेनिकेल या मनोविश्लेषकांपासून चालत आलेला नियम आहे: आशयाआधी बचाव. बचाव म्हणजे नकोशी भावना जाणवू नये म्हणून मन नकळत वापरतं ती पळवाट. काय दडलंय हे सांगण्याआधी ते कसं दडवलं जातंय, हे रुग्णाला स्वतःला दिसलं पाहिजे.

मनोचिकित्सक डेव्हिड मॅलन यांनी रूढ केलेला संघर्षाचा त्रिकोण सत्रभर डोक्यात ठेवावा. तळाशी भावना, ती वर येऊ लागली की चिंता, आणि चिंता शमवायला बचाव. रुग्णाचं प्रत्येक वाक्य यांपैकी कुठल्या कोपऱ्यातून येतंय, हे ओळखणं हे निम्मं काम.

चिंता शरीरात कुठे जाते, हे बघायला बरेच जण विसरतात. मुठी आवळल्या, मोठा उसासा आला, खांदे ताठले, तर रुग्णाला हे सोसतंय. पुढे जाता येतं. पण अंग सैल असूनही पोटात कळ, मळमळ सुरू झाली, नजर धूसर झाली, विचारांचा धागाच तुटला, तर थांबायचं. अशा वेळी बचाव काढायचा नसतो. आत्ता शरीरात काय होतंय, हे शब्दांत मांडायला मदत करून चिंता आधी उतरवायची.

बचावाची पातळीही बघावी. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांच्या मांडणीत विनोद, उदात्तीकरण (नकोशी ऊर्मी चांगल्या कामात वळवणं) हे परिपक्व बचाव. त्यांना सहसा हात लावू नये. बौद्धिकीकरण (भावनेऐवजी कोरडा विचार), विस्थापन (एकावरचा राग दुसऱ्यावर काढणं) मधल्या पातळीवर. प्रक्षेपण (आपली भावना दुसऱ्याची मानणं) किंवा माणसांची ‘सगळे चांगले, सगळे वाईट’ अशी विभागणी करणाऱ्याच्या बाबतीत आधी वास्तवाचं भान आणि थेरपीची चौकट (ठरलेली वेळ, नियम) भक्कम करावी लागते.

आता प्रत्यक्ष बोलणं. एकच गोष्ट किमान दोन-तीनदा घडलेली दिसेपर्यंत गप्प राहावं. मग फक्त दिसलेलं सांगावं: ‘भावाबद्दल काय वाटलं असं मी विचारलं, की तुम्ही त्याची बाजू समजावून सांगता. तुमच्या लक्षात आलंय का?’ रुग्णाला ते पटलं की त्या बचावाचा उपयोग सांगावा: ‘लहानपणी घरात राग दाखवणं धोक्याचं होतं, तेव्हा यानं तुम्हाला वाचवलं असेल.’ हे मनापासून म्हणावं, कारण ते खरं असतं. मग किंमत: ‘पण आज त्यामुळे कोणाला कळतच नाही, तुम्हाला काय हवंय.’ जुनी सवय रुग्णाला स्वतःलाच खुपू लागली, की मग विचारावं, ‘समजावून सांगणं बाजूला ठेवलं, तर भावाबद्दल आत काय उरतं?’

‘तुम्ही असं का करता?’ हा प्रश्न टाळावा. ‘का’ला उत्तर म्हणून कारणं येतात, आणि बौद्धिकीकरण करणाऱ्याच्या हातात आपणच आणखी एक ढाल देतो. ‘तुम्ही प्रोजेक्ट (प्रक्षेपण) करताय’ असं लेबल लावणं त्याहून वाईट. त्यातून फक्त लाज वाटते, आणि लाजेपोटी माणूस आणखी आत सरकतो.

आपलं म्हणणं बरोबर होतं का, हे रुग्णाच्या होकारावरून ठरत नाही. फ्रॉइड यांनी १९३७ मध्येच बजावलं होतं की होकार आणि नकार दोन्ही फसवे असू शकतात. पुढच्या काही मिनिटांत काय येतं ते बघावं. नवी आठवण आली, मोघम बोलणं नेमकं झालं, श्वास खोल गेला, डोळे भरले, तर नेम लागला. ‘हो, अगदी बरोबर’ आणि मग कोरडी शांतता, तर तो होकारच नवा बचाव आहे, आणि आता काम त्याच्यावर करायचं. अशा सत्रात आपल्याला सारखी झोप येत असेल, तर तीही नोंद घेण्याजोगी. भावना बाजूला काढून ठेवलेलं बोलणं ऐकणाऱ्याला पेंगुळवतं.

पन्नास मिनिटांच्या सत्रातल्या शेवटच्या दहा मिनिटांत नवं काही उघडू नये. उघडलेलं सावरायला वेळ न मिळाल्यास पुढच्या वेळी रुग्ण उशिरा येतो किंवा ‘आज बोलायला काहीच नाही’ म्हणतो. तसं झालंच, तर नवा विषय न काढता मागच्या सत्रापासून सुरुवात करावी: ‘गेल्या वेळी आपण भावाबद्दलच्या तुमच्या रागापर्यंत आलो होतो. त्यानंतर तुम्हाला कसं गेलं?’