समीकरण शिकवताय? ‘पलीकडे नेणं’ आधी थांबवा

सहावी-सातवीच्या मुलांची शिकवणी घेताना दर वर्षी मला त्याच चार-पाच चुका दिसतात. त्यांचं मूळ बहुतेक वेळा आमच्याकडेच असतं, म्हणजे शिक्षकांकडे आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांकडे. क्ष + ७ = १५ किंवा ५क्ष = ३५ अशी एका पायरीत सुटणारी समीकरणं सोपी वाटतात, म्हणून सगळे तिथेच घाई करतात आणि ती घाई पुढे नववीपर्यंत मुलांना पुरते. (पुस्तकात एक्स असतो, मी इथे क्ष लिहिते.)

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’

या एका वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं दुसऱ्या कशानेच केलेलं नाही.

एका जूनमध्ये सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. हुशार, अक्षर मोत्यासारखं, पाढे तोंडपाठ. मी ५क्ष = ३५ दिलं. त्याने लिहिलं, क्ष = ३५ − ५, म्हणून क्ष = ३०. मी विचारलं, कसं केलंस? तो म्हणाला, “बाई, पाचाच्या आधी काही चिन्ह नाही म्हणजे तो अधिक पाच. पलीकडे नेला, उणे झाला.” त्याला दिलेला नियम त्याने तंतोतंत पाळला होता.

इथे मीही चूक केली. त्या दिवशी वर्ग भरलेला होता, मला पुढे जायचं होतं. मी सांगितलं, “अरे, गुणाकार पलीकडे गेला की भागाकार होतो,” आणि दुसऱ्या वहीकडे वळले. दोन दिवसांनी त्याच उदाहरणाचं उत्तर आलं: क्ष = उणे ७. पाच पलीकडे नेला, गुणिलेचं भागिले केलं आणि चिन्हही बदललं. त्याच्याकडे आता दोन नियम होते, त्याने दोन्ही वापरले. एका नियमाला दुसऱ्याचं ठिगळ लावलं की मूल गणित सोडून नियम आठवायला लागतं, हे मला त्या उणे सातने शिकवलं.

तेव्हापासून माझ्याकडे ‘पलीकडे’ हा शब्दच बंद आहे. मुलं ‘=’ या चिन्हातून खालपर्यंत पेन्सिलने एक उभी रेघ ओढतात. रेघेच्या दोन्ही बाजूंना तेच करायचं आणि जे केलं ते रंगीत पेन्सिलने लिहायचं:

क्ष + ७ = १५
क्ष + ७ − ७ = १५ − ७
क्ष = ८

मधली ओळ कुणीही गाळायची नाही. यावर पालकांचा एक ठरलेला फोन येतो: एवढं लिहिण्यात वेळ जातो, परीक्षेत कसं होणार? मला हा प्रश्न पटत नाही. ती ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. ती गाळून शिकलेल्या मुलाला दोन पायऱ्यांच्या समीकरणात परत पहिल्यापासून बसवायला माझा आख्खा महिना जातो.

मग आडवाट कधी चालेल? मूल स्वतः ती शोधेल तेव्हा. तीन-चार आठवड्यांनी कुणीतरी म्हणतंच, “बाई, डावीकडे दरवेळी शून्यच उरतं, मग कशाला लिहू?” त्या मुलाला त्या दिवसापासून परवानगी. शेजारच्याला नाही.

तराजू दाखवायचा तर आधी घरी करून बघा

कपड्याच्या हँगरला दोन करवंट्या टांगल्या की झाला तराजू. एका करवंटीत पिशवी (तिच्यात किती नाणी आहेत ते मुलांना माहीत नाही) आणि तीन सुटी नाणी, दुसरीत नऊ नाणी. पिशवी + ३ = ९. दोन्हीकडून तीन-तीन उचलली की पिशवीत सहा. दिसायला सोपं आहे, पण वर्गात फसतं, कारण रिकाम्या पिशवीलाही वजन असतं. तसलीच एक रिकामी पिशवी दुसऱ्या करवंटीत ठेवावी लागते. नाणीही एकाच घडणीची हवीत. २०११ पासूनचं एक रुपयाचं नाणं आधीच्या स्टीलच्या रुपयापेक्षा हलकं आहे, दोन्ही मिसळली की पारडं झुकतं आणि मुलांचा तुमच्यावरचा विश्वासही. चिंचोके तर घेऊच नका, दोन चिंचोके सारखे नसतात.

आणि क्ष − ५ = ७ तराजूवर दाखवायचा अट्टहास सोडा. पारड्यात उणे पाच कुठून ठेवणार? तिथे मी डब्याची गोष्ट घेते: डब्यात काही लाडू होते, पाच संपले, सात उरले. संपलेले पाच परत ठेवले तर डबा पहिल्यासारखा भरेल. ‘अल्जिब्रा’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘अल-जब्र’ या अरबी शब्दाचा अर्थ कमी झालेलं भरून काढणं, पूर्ववत करणं असाच आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी उणे झालेली राशी दोन्ही बाजूंना मिळवून हेच करत होता.

‘=’ म्हणजे ‘उत्तर आलं’ नव्हे

पहिलीपासून मुलांनी ‘५ + ३ =’ एवढंच पाहिलेलं असतं. त्यामुळे त्यांच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी सूचना. तुमच्या मुलाला आजच हे द्या: ८ + ४ = □ + ५. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितील, काही १७ लिहितील. ७ लिहिणारं मूल समीकरणाला तयार आहे, बाकीच्यांना क्ष दाखवूच नका.

ही सवय आपणच लावतो. फळ्यावर ५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२ असं सरसकट लिहिलं जातं. ५ + ३ म्हणजे १२ आहेत का? नाहीत. मग मध्ये ‘=’ कसं आलं? प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहा, एवढंच करायचंय. आणि दुसरीपासूनच १२ = ७ + ५ अशी उलटी उदाहरणंही द्या. नाहीतर सहावीत १५ = क्ष + ७ आलं की मूल म्हणतं, “बाई, हे उलटं छापलंय.”

हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श माणसाने १५५७ मध्ये वापरलं. दोन समांतर सारख्या रेघा, कारण त्याच्या मते त्यांच्याइतकं सारखं दुसरं काहीच नव्हतं. मुलांना हे आवडतं. पुढच्या आठवडाभर त्या दोन रेघा पट्टी घेऊन काढतात.

क्ष ची भीती

पहिल्या दिवशी क्ष लिहूच नये. आधी रिकामी चौकट, मग पिशवी, मग ‘जितके आहेत तितके’. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हटलंय, म्हणजे जितकं तितकं, आणि लिहिताना नुसतं ‘या’. आणखी अज्ञात असतील तर रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. माझ्याकडची मुलं महिनाभर ‘या + ७ = १५’ लिहितात आणि एकही घाबरत नाही. शिवाय ‘या’ असल्यावर एक्स आणि गुणिलेची फुली यांचा गोंधळही होत नाही.

बाकीच्या थोडक्यात

‘क म्हणजे केळी’ असं सांगू नका. क म्हणजे केळ्यांची संख्या, किंवा एका केळ्याची किंमत. केळी स्वतः कधीच नाहीत.

३क्ष मध्ये क्ष = ४ घातल्यावर ३४ लिहिणारं मूल दर वर्षी एक तरी असतं. पहिला महिना ३ × क्ष असंच लिहू द्या.

क्ष + २ = ५ देऊन पायऱ्या मागू नका. मुलाला उत्तर नुसतं बघून दिसतं आणि पायऱ्या म्हणजे बाईंचा हट्ट वाटतो. क्ष + २८७ = ५१३ द्या, पायरीची गरज त्यालाच वाटेल.

४क्ष = २ याचं उत्तर अनेक मुलं २ लिहितात, कारण भागाकारात मोठ्या संख्येला लहानने भागायचं हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. असं एक तरी उदाहरण पहिल्याच आठवड्यात यायला हवं.

७ − क्ष = ३ दिसायला एका पायरीचं आहे, तरी ते मागे ठेवा. मूल इथे हमखास दोन्हीकडे सात मिळवतं आणि १० लिहितं.

ताळा

मी वहीत बरोबरची खूण उत्तराला करत नाही, ताळ्याला करते. उत्तराखाली क्ष च्या जागी संख्या घालून मूळ समीकरण पुन्हा लिहायचं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढायच्या. गाईडमध्ये मागे उत्तरं असतात म्हणून मुलं ताळा टाळतात, म्हणून उत्तरांची पानं मी वर्षाच्या सुरुवातीलाच स्टेपल करून टाकते. त्या मुलाकडून मी त्या दोन दिवसांत एकदा जरी ताळा करून घेतला असता, तरी ५ × (−७) = −३५ हे त्यालाच दिसलं असतं. नंतर दिसलंही. जुलैमध्ये त्याने अशाच एका उदाहरणाचा ताळा केला, वही थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग खोडरबर मागितलं आणि मला काही न विचारता मधली ओळ पुन्हा लिहिली.