रिकामे डबे-बाटल्या घरात वापरताय? या चुका टाळा

खान्देशातल्या घरात माळ्यावर तेलाचा पत्र्याचा डबा नाही, असं सहसा होत नाही. तोच तो १५ किलोचा, वरून कापून कडी-झाकण बसवलेला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास उन्हात वाळवलेले बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड त्यातच भरायचे. माझी आजी कुठलंही रिकामं भांडं फेकू द्यायची नाही. "ठेव, कामले येई," म्हणायची. पण ठेवण्याआधी तासभर ती डबा घासत बसायची. मी ठेवायचं तेवढं शिकले.

एका वर्षी मी डबा साबणाच्या पाण्याने दोनदा खळबळून घेतला आणि बिबडे भरले. श्रावणात झाकण उघडलं तर खवट वास. तळून बघितले, वास जाईना. सगळे बिबडे फेकावे लागले. तेल दडून बसलं होतं तळाच्या दुमडीत, पत्र्याचे दोन भाग जोडलेले असतात तिथे. वरून डबा कोरडा दिसतो, पण दुमडीतल्या तेलाला हवा आणि आपल्याकडची उष्णता मिळाली की ते खवट होतं, आणि वाळवण तो वास लगेच धरतं.

आता मी आधी डबा भर उन्हात ताटलीवर उलटा ठेवते. पत्रा तापला की तेल पातळ होऊन निथळतं. मग कोरडं पीठ किंवा कोंडा आतून चोळते, कोपऱ्यात तर बोटाने दाबून भरते. पीठ तेल ओढून घेतं. ते झटकून टाकायचं, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवायचं आणि दिवसभर ऊन द्यायचं. ओल राहिली तर दुमडीलाच गंज धरतो. भरण्याआधी नाक आत घालून वास घ्या. शंका आली तर त्या डब्यात खिळे-पक्कड ठेवा, बिबडे नकोत. आणि डबा थेट फरशीवर ठेवू नका, खाली पाट किंवा दोन विटा हव्यात.

पाण्याच्या पातळ बाटलीत गरम काही ओतू नका. ते प्लास्टिक (तळाच्या त्रिकोणात १ आकडा असतो) साधारण ७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, बाटली आकसते. त्यात डाळी, रवा, मोहरी खुशाल भरा. मात्र बाटली आतून पूर्ण वाळलेली हवी. गळ्याजवळ पाण्याचा एक थेंब राहिला तरी रव्याच्या गुठळ्या होतात.

जॅमच्या काचेच्या बरणीत कैरीचं लोणचं घालायला हरकत नाही, पण तिचं पत्र्याचं झाकण नको. मीठ आणि आंबटपणा झाकण खातात, गंज लोणच्यात उतरतो. प्लास्टिकचं झाकण नसेल तर त्या बरणीत मसाला ठेवा.

बाटलीचं घरगुती ठिबक मे महिन्यात कुंड्यांना फार कामाचं. ठिबकच्या मुलखात राहून माझी पहिली बाटली पंधरा मिनिटांत रिकामी झाली होती, हे सांगायला लाज वाटते. खिळ्याने भोक पाडलं होतं. बारीक सुई तापवून बुचाला एकच भोक पाडा आणि बाटली उलटी खोचा. आता पाणी पडतच नसेल तर वर गेलेल्या तळाला दुसरं भोक लागतं. हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. तरीही थांबलं तर बुचात माती अडकली आहे, त्यावर सुती चिंधी बांधा. पत्र्याच्या डब्यात रोप लावत असाल तर तळाला चार-पाच भोकं पाडा आणि डबा दुपारच्या उन्हापासून दूर ठेवा. पत्रा इतका तापतो की मुळं भाजतात.

आता एक गोष्ट जिथे काटकसर मुळीच करू नका. कपाशीवर फवारलेल्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी पाण्याला, धान्याला किंवा दुधाला वापरायचा नाही. लेबलवरच्या चौकोनात लाल त्रिकोण असेल तर ते सर्वात जहाल विष. असा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. उलटी चूकही तितकीच वाईट, म्हणजे पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत फिनेल, रॉकेल, अ‍ॅसिड भरणं. उन्हातून खेळून आलेलं पोर लेबल वाचत नाही, बाटली तोंडाला लावतं.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता राहू द्या. तो चिमुकला तुकडा भंगारवाल्याच्या हाती लागत नाही, गटारीत मात्र हमखास जातो. पिशवी धुऊन दोरीवर वाळवली की रोपं करायला उपयोगी पडते.

माझ्या माळ्यावर आता तीन डबे, सहा बरण्या आणि एका टोपलीत मावतील एवढ्याच बाटल्या. ज्याला झाकण सापडत नाही, तो डबा आखाजीच्या आधी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो.